माझ्याकडे तर चालतंय!

"माझ्याकडे तर चालतंय, ताई," भावजय फोनवर म्हणाली आणि तिथेच फसली.

पलीकडे तिची थोरली नणंद होती. दातांची डॉक्टर. नव्या दवाखान्यात पेशंटला नंबर द्यायचा, आतून बोलावायचं आणि बाहेरच्या पडद्यावर तो नंबर खोलीसकट मराठीत दाखवायचा, एवढं करणारा प्रोग्रॅम भावजयीने लिहून द्यायचा असं ठरलं होतं. ठरवलं होतं तिनेच. "घरात मी असताना विकतचं कशाला घेता?" असं भर जेवणावर बोलून बसली होती. आता सोमवारी दवाखाना उघडणार, आणि प्रोग्रॅम तिच्या स्वतःच्या लॅपटॉपशिवाय कुठे चालेल तर शपथ!

"तुझ्याकडे चालतंय ना? मग पेशंट तुझ्या घरी पाठवते," नणंद म्हणाली. "आणि हे वाक्य पुन्हा कानावर आलं, तर म्हणणाऱ्याची दाढ काढीन. भूल न देता! सोमवारी चाललं तर ठीक, नाहीतर विकतवाला दारात उभाच आहे."

विकतवाला! भावजयीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. लॅपटॉप काखोटीला मारून तिने थेट दवाखाना गाठला.

मेख होती तिथल्या तीन कॉम्प्युटरांत. तिन्हींवरच्या सिस्टिम मुक्त जातीच्या, म्हणजे कुणीही फुकट घ्याव्यात आणि हव्या तशा बदलाव्यात. ज्याने त्याने त्या बदलल्याही होत्या. काउंटरवरची जुनी, आतल्या खोलीतली नवीकोरी, आणि पडद्यामागच्या इवल्याशा डबीतली तर अंगावर नुसती लंगोटी असल्यासारखी, लागेल तेवढंच जवळ ठेवणारी. गोत्र एक, पण तिघींची तोंडं तीन दिशांना.

"सगळीकडे एकच टाकू या का?" भावजयीने विचारून पाहिलं.

"माझ्या मशीनला हात तर लावून बघा!" काउंटरवरच्या मावशी कडाडल्या. "आत्ता कुठे माझा हात बसलाय!"

"माझं एक्स-रेचं यंत्र या नव्यावरच चालतं," नणंद म्हणाली. डबी काही बोलली नाही, पण तिच्यात दुसरं काही मावतच नव्हतं.

"राहू दे. तिन्हींवर चालवून दाखवीन," भावजय म्हणाली आणि पदर खोचला. अंगात जीन्स होती, तरी खोचला म्हणायचं.

काउंटरवर प्रोग्रॅमला लागणारी एक पूरक फाइल नव्हती. तिने ती घातली, प्रोग्रॅम सुरू झाला. आतल्या खोलीत तीच फाइल होती, पण नवी. प्रोग्रॅमने तिला ओळखच दाखवली नाही. मग भावजयीने नवी काढून जुनी बसवली. प्रोग्रॅम पळायला लागला, तेवढ्यात नणंदेने किंकाळी फोडली.

"अगं, माझे दात कुठे गेले?"

एक्स-रे दिसेनासे झाले होते; त्या यंत्राला नवीच फाइल हवी होती. मुकाट्याने सगळं पूर्ववत करावं लागलं. डबीने मात्र काही कुरकुर न करता प्रोग्रॅम चालवला, पण तिच्याकडे मराठी अक्षरंच नव्हती. पडद्यावर नुसते रिकामे चौकोन आले.

मावशींनी चष्मा वर करून पाहिलं. "पेशंट चौकोन, खोलीही चौकोन. म्हणजे चौकोनाने उठून चौकोनात जायचं होय?"

एकीकडे शिवावं तर दुसरीकडे उसवत होतं. भावजय दातओठ खात घरी आली, तर नवरा बॅग भरत होता. मंगळवारच्या दौऱ्याची बॅग हा गृहस्थ शनिवारीच भरायला घेई. बॅगेत स्वतःची उशी, स्वतःचा मग, स्वतःची वायर. यावरून ती त्याची येताजाता टर उडवायची.

"अहो, जिथे जाताय तिथे उशी नसते का?"

"असते की. पण कसली असेल कुणास ठाऊक! दुसऱ्याच्या भरवशावर झोप येत नाही मला."

भावजय बॅगेकडे बघतच राहिली. "अहो, किती हुशार आहात तुम्ही!"

लग्न झाल्यापासून हे वाक्य त्याने प्रथमच ऐकलं होतं. तो घाबरला. "काय झालं? ताईने दाढ काढली का?"

पण ती केव्हाच कामाला बसली होती. पूरक फायली, अक्षरं, सटरफटर सगळं तिने प्रोग्रॅमच्याच गाठोड्यात बांधलं. जिथे जाशील तिथे आपलंच खायचं, आपल्याच उशीवर झोपायचं, यजमानाच्या भांड्याला हात लावायचा नाही! गाठोडं चांगलंच फुगलं. काही ना काही राहून जाई. ती सोडायची, पुन्हा बांधायची. हटली नाही.

सोमवारी मावशींनी नंबर दिला, पडद्यावर स्वच्छ मराठी उमटलं, पेशंट गाल धरून आत गेला आणि एक्स-रेत त्याचे दात जागच्या जागी दिसले. विकतवाला आल्या पावली परत गेला. "मानलं गं बाई तुला," नणंद सगळ्यांदेखत म्हणाली. भावजयीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला लॅपटॉपसमोर बसवलं. "आता बघा!"

प्रोग्रॅमची खिडकी उघडली, थरथरली आणि मिटली. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली.

तिने कपाळाला हात लावला. काहीही लागलं तर आधी माझ्या जुन्या फोल्डरमध्ये बघ, असं तिनेच केव्हातरी या लॅपटॉपला बजावून ठेवलं होतं आणि साफ विसरली होती. म्हणून तर आधी प्रोग्रॅम फक्त इथेच चालायचा! आता तो भरलं गाठोडं घेऊन आला, तरी लॅपटॉप त्याला बळेच ते शिळंपाकं वाढत होता. पण मनात पाल चुकचुकलीच. दवाखान्यातही असंच काही झालं असलं तर? तिने घाईघाईने फोन लावला.

"ताई, तिकडे बंद नाही ना पडलं? माझ्याकडे चालतच नाहीये हो!"

"छे! बंद कशाला पडेल?" नणंद ठसक्यात म्हणाली. "माझ्याकडे तर चालतंय!"



"ताई," भावजय गोड आवाजात म्हणाली, "कुठली काढायची? वरची की खालची?"