आठवीचं जहाज कालिकतला निघालं

नमिता मॅडमचा समुद्रमार्गांचा पाठ ऋतुजाच्या एका प्रश्नावर येऊन थांबला.

"मॅडम, चारी बाजूंना नुसतं पाणीच असताना त्या लोकांना कळायचं कसं, आपण कुठं आहोत ते?"

हमरापूरच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवायला लागून मॅडमना जेमतेम वर्ष होत आलं होतं. नेमणूक तात्पुरती. ती पुढे चालू राहणं मुख्याध्यापक कडू सरांच्या शिफारशीवर होतं आणि कडू सरांना वर्गात शांतता लागायची. त्यात आज विस्तार अधिकारी शाळा बघायला यायचे होते. कोणी जागचं हलायचं नाही, असं सरांनी सकाळीच बजावलं होतं. पण असा एखादा प्रश्न आला की मॅडमना नेमणूकबिमणूक काही आठवत नसे. जहाजाचा वेग, गेलेला वेळ आणि होकायंत्राची दिशा यांवरून खलाशी नकाशावर आपली जागा कशी मांडायचे, ते त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं.

"म्हणजे अंदाजच की," ऋतुजा म्हणाली.

"हिशेबाने केलेला अंदाज."

"तो चुकायचा नाय?"

मॅडमनी खडू खाली ठेवला. साहेब यायला अजून अवकाश होता. "करून बघू या?" त्या म्हणाल्या.

प्रजासत्ताक दिनाच्या मांडवाची निळी ताडपत्री व्हरांड्यात पडून होती, तिचं जहाज झालं. सात-आठ मुलांनी ती डोक्यावर घेतली. कडा इतक्या खाली आल्या की आतून फक्त पायाखालची जमीन दिसावी. प्रयोगशाळेतलं होकायंत्र धनेशच्या हातात दिलं. पावलं मोजायला ऋतुजा, धनेशच्या खांद्याला खांदा लावून निकेश आणि मध्यभागी कप्तान म्हणून मॅडम. मैदानाच्या उत्तर टोकाचा कडुनिंब म्हणजे कालिकत बंदर.

"आणि आम्ही?" उरलेल्या वर्गाने विचारलं.

"तुम्ही समुद्र. समुद्र कोणाला वाट सांगत नाही. काहीही झालं तरी तोंडातून शब्द काढायचा नाही."

वर्गाने एवढ्या मनापासून त्यांचं म्हणणं कधी ऐकलं नव्हतं. पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

जहाज निघालं. आत उकडत होतं, ताडपत्रीला उंदरांचा वास येत होता, पण कोणाची तक्रार नव्हती. धनेश सुईवरून नजर काढत नव्हता. सुई डावीकडे झुकली की जहाज डावीकडे वळत होतं. थोड्या वेळाने पायाखालचा मुरूम संपून सिमेंट लागलं.

"पाण्याच्या टाकीजवळचा पट्टा हा," मॅडम खुशीत म्हणाल्या. "बरोबर चाललोय आपण."

सिमेंट संपलं आणि जमिनीवर पांढरी पूड दिसायला लागली.

"ही फक्की. क्रीडामहोत्सवाची राहिलेली. बघा, खलाशीसुद्धा असंच करायचे. वाहत आलेलं शेवाळ, पक्षी, पाण्याचा रंग. जे दिसेल त्याचा अर्थ लावायचा."

"मॅडम, पण कडुनिंब यायला पायजे होता आतापर्यंत," ऋतुजा म्हणाली. "माझी पावलं कधीच संपली."

"समुद्रात कमी-जास्त होतं थोडं."

बाहेरून समुद्राचा आवाज येत होता, हसू दाबल्यासारखा. मॅडमना तो आवडला. मुलं किती रंगलीत, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात निकेशने वाकून काहीतरी उचललं. "मॅडम, हात सापडला."

"कोणाचा हात?"

"माहीत नाय. पांढरा हाय. आशीर्वाद देतोय."

मॅडमना या चिन्हाचा अर्थ लावता येईना. ऋतुजा मात्र हाताकडे नाही, होकायंत्राकडे बघत होती. "धनेश, निकेश वाकला तशी सुईपण फिरली बघ. मॅडम, सुई उत्तरेकडे नाय बघत. निकेशकडे बघते."

"निकेश, खिशात काय आहे?"

"काय नाय."

"निकेश."

"जुन्या स्पीकरचं मॅग्नेट."

खरं तर याच क्षणी ताडपत्री वर करून बघायला हवं होतं. पण मॅडमचे डोळे चमकले. "अरे, हेच व्हायचं. लोखंडी जहाजं आली तेव्हा होकायंत्रं अशीच फसायला लागली. मग त्यावर उपाय म्हणून..."

"पाय नाय हलवायचा कोणी," बाहेरून एक करडा बायकी आवाज आला. "आहेत तिथं उभं ऱ्हावा."

हा आवाज समुद्राचा नव्हता. शाळेच्या मागच्या फाटकाबाहेर, सिमेंटच्या गल्लीपलीकडे बायजाबाईंचा गणपतीचा कारखाना होता आणि हा आवाज बायजाबाईंचा होता. मॅडमनी हळूच विचारलं, "आम्ही कुठे आहोत?"

"माज्या अंगणात. परदेशी बिनरंगाचेच जायचे गणपती वाळत घातलेत, त्यांच्या मधोमध. उद्या खोकी भरायचीत, परवा जहाजावर चढायचेत ते. तुमच्या कापडाचं एक टोक सोंडेला अडकलंय, एक मुकुटाला. एक जरी वडलंत ना गो बाई, सगळी रांग आडवी व्हईल."

मॅडमनी मुलांना हाताने थोपवलं. मग बाहेर उभ्या असलेल्या वर्गाला म्हणाल्या, "समुद्रा, आता बोल. कुठून बाहेर पडायचं?"

इतका वेळ तोंड दाबून धरलेला वर्ग एकदम फुटला. डावीकडे, उजवीकडे, मागे, पुढे, अशा सगळ्या दिशा एका वेळी आल्या. जहाज जागच्या जागी चुळबुळलं, ताडपत्री ताणली गेली आणि कुठेतरी मातीवर माती घासल्याचा आवाज झाला.

"गप ऱ्हावा सगळी," बायजाबाई म्हणाल्या. त्यांनी सुनेला हाक मारली. दोघींनी एकेक टोक सोडवून ताडपत्री हलक्या हाताने गुंडाळत वर उचलली. उन्हाने डोळे दिपले. चहूकडे कमरेएवढे पांढरे गणपती दाटीने बसले होते आणि सगळे आठवीकडेच बघत होते. एकही फुटला नव्हता.

"कुठं निघालेलाव?" बायजाबाईंनी विचारलं.

"कालिकतला," ऋतुजा म्हणाली.

"हे हमरापूर हाय."

"आम्ही शोधून काढलं," धनेश म्हणाला.

"आमी हितंच व्हतो," बायजाबाई म्हणाल्या. मग त्यांची नजर निकेशच्या हातातल्या हातावर गेली. "अगो, सकाळपासून याच हातासाठी घर पालथं घातलं मी. कुठं मिळाला?"

"वाटेत," निकेश म्हणाला.

बायजाबाई हात घेऊन मूर्तीला लावून बघत होत्या, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कडू सर उभे दिसले. त्यांच्या शेजारी विस्तार अधिकारी होते. साहेब ठरल्याआधीच आले होते आणि आठवीचा वर्ग रिकामा बघून शाळाभर हिंडत इथवर पोचले होते. ताडपत्री, गणपती, धनेशच्या हातातलं होकायंत्र हे सगळं साहेबांनी एकदा नीट बघून घेतलं.

"हे काय चाललंय?"

मॅडमना आपली नेमणूक एकदम आठवली. पण त्यांच्याआधी मुलांनीच सुरुवात केली. वेग, पावलं, फक्की, मॅग्नेट, प्रत्येकाने आपापला तुकडा सांगितला. साहेबांनी निकेशकडून मॅग्नेट मागून घेतलं, होकायंत्राभोवती फिरवून बघितलं आणि पुन्हा फिरवून बघितलं. त्यांच्या कपाळावरची आठी कधी गेली ते त्यांनाही कळलं नसावं. "कल्पना कोणाची?" त्यांनी विचारलं.

मॅडम "माझी" म्हणणार होत्या, पण कडू सरांनी साहेबांचा चेहरा त्यांच्याआधी वाचला होता.

"शाळेचा उपक्रम आहे, साहेब," सर खाकरून म्हणाले. "मीच मॅडमना सुचवलं. पुस्तकाबाहेर पडा म्हटलं."

मॅडमनी सरांकडे बघितलं. सर एका गणपतीचा मुकुट बघण्यात गुंतले होते.

"उत्तम," साहेब सरांना म्हणाले. "मग असं करा, पुढच्या शिक्षण परिषदेत आपल्या केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या शिक्षकांना हा पाठ तुम्हीच घेऊन दाखवा. सुरुवातीपासून, प्रश्नोत्तरांसकट."

कडू सरांनी मान हलवली. ती होकाराची होती की कसली, ते नीट कळलं नाही.

साहेब गेले. शाळा सुटली. मॅडम आठवीच्या वर्गात नकाशे गुंडाळत होत्या, तेव्हा सर दारात आले. आत येऊन त्यांनी दार लोटून घेतलं आणि पहिल्या बाकावर, मुलांच्या जागेत, गुडघे कसेबसे मावतील असे बसले.

"मॅडम, पुढच्या वर्षीची तुमची शिफारस मी आजच पाठवतोय."

"थँक्यू, सर."

सर उठले नाहीत. त्यांनी फळ्यावरच्या अर्धवट जहाजाकडे बोट केलं. "तो वेग म्हणता तुम्ही," ते म्हणाले, "पाण्यावर मोजायचे कसा? रस्त्यावर मैलाचे दगड तरी असतात."

मॅडमनी त्यांना दोरीला गाठी मारून, ती पाण्यात सोडून वेग कसा मोजायचे ते सांगितलं. सरांनी मग गाठींमधलं अंतर विचारलं. मग रात्री काय करायचे ते विचारलं. ढग असले तर काय, तेही विचारलं. मॅडमनी गुंडाळलेला नकाशा पुन्हा उलगडून बाकावर पसरला आणि लिस्बनवर बोट ठेवलं. सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुढे वाकले.

शिपायाने दोनदा येऊन सांगितलं, तुमची रोह्याची गाडी स्टॉपला लागलीय, सर. तिसऱ्यांदा तो काही बोलला नाही. गाडी निघून गेली होती आणि मुख्याध्यापक अजून आफ्रिकेला वळसाच घालत होते.