स्क्रीनचा पंचनामा

आमच्या कार्यालयातले भोये भाऊसाहेब संगणकावर अर्ज भरायला घेतात तेव्हा आधी त्याचा पंचनामा करतात. वीज पडून गोठा जळाला की करतात ना, अगदी तसा. खुर्ची पुढे ओढायची, चष्मा पुसायचा, स्क्रीनकडे पाहून घसा साफ करायचा आणि खणखणीत आवाजात सुरू करायचं: "आज मंगळवार. वेळ अकरा वाजून वीस मिनिटं. बाहेर धुकं. समक्ष हजर, मी स्वतः, खिडकीजवळ ताई, दाराशी काशिनाथ शिपाई. अर्जदार पोर समोर उभी आहे."

खिडकीजवळची ताई म्हणजे मी. गेली सहा वर्षं माझं टेबल भाऊसाहेबांच्या टेबलाला चिकटून आहे. आमचं कार्यालय कोणतं ते सांगत बसत नाही. जव्हारात सरकारी पाट्या पुष्कळ आहेत, त्यातली एक धरून चाला. आमच्याकडे मुलींच्या वसतिगृहाचे अर्ज भरले जातात. मोखाड्याकडच्या पाड्यांवरून पोरी येतात, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळलेले असतात, आणि भाऊसाहेब ते एकेक उलगडून त्यातली माहिती संगणकात भरतात.

पंचनाम्याचं मूळ शोधायला फार खोल जावं लागत नाही. तरुणपणी ते एका तलाठ्याच्या हाताखाली लिहायला होते. वादळात छप्पर उडालं, बिबट्यानं शेळी नेली, की कागद-पेन घेऊन डोंगर चढायचे. तिथून दोन गोष्टी अंगात मुरल्या. एक म्हणजे 'समक्ष' हा शब्द. ते चहासुद्धा समक्ष पितात. दुसरी म्हणजे शेवटचं वाक्य. कुठलंही काम संपलं की, "वाचून दाखवलं, बरोबर आहे." एकदा साहेबांनी त्यांना सगळ्यांपुढे पाऊण तास झापलं. साहेब दमून थांबले आणि भाऊसाहेब सवयीनं म्हणाले, "ऐकून घेतलं, बरोबर आहे." साहेबांनी चहा मागवला.

आधी ते पुरावा म्हणून मोबाइलनं स्क्रीनचं शूटिंग करायचे. चार रजिस्टरं एकावर एक, त्यावर मोबाइल टेकवलेला. व्हिडिओत आडवे पट्टे यायचे आणि पट्ट्यांमधून भाऊसाहेबांचाच चौकड्यांचा शर्ट दिसायचा. त्या चारांतलं एक रजिस्टर मला रोज लागायचं. तिसऱ्यांदा मागावं लागलं तेव्हा माझा धीर संपला.

"भाऊसाहेब, संगणक आपली स्क्रीन आपणच रेकॉर्ड करतो. बाहेरून मोबाइल कशाला लावता?"

"आपली आपणच? मग पंच कोण?"

"मी. हात इकडे करा."

विंडोजची कळ, आल्ट आणि आर, तिन्ही एकदम दाबायच्या. कोपऱ्यात छोटी पट्टी येते. तिच्यात सेकंद पळू लागले की रेकॉर्डिंग सुरू झालं. पुन्हा त्याच तीन कळा दाबल्या की बंद. व्हिडिओ आपोआप फोल्डरमध्ये जाऊन बसतो. भाताच्या आवणीला चिखलात रोप खोचावं तशी भाऊसाहेबांनी तिन्ही बोटं खोचली आणि पट्टी आली. ही सोय मुळात संगणकावर गेम खेळणाऱ्यांसाठी आहे, हे माझ्या तोंडून निघून गेलं मात्र, त्यांनी हात चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"सरकारी संगणकावर खेळ? साहेबांना चालंल?"

"तुम्ही खेळू नका म्हणजे चालेल."

पहिल्या दिवशी त्यांनी कॅल्क्युलेटर पुढे असताना कळा दाबल्या. ही सोय समोर जी खिडकी उघडी असेल तेवढीच धरते, हे सांगायला मी विसरले होते. चाळीस मिनिटांचा व्हिडिओ तयार झाला आणि त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत एक शून्य होतं. भाऊसाहेबांनी तो शेवटपर्यंत पाहिला. पुढेमागे काही घडेल असं त्यांना वाटत होतं म्हणे.

दुसऱ्या दिवशी अर्ज नीट रेकॉर्ड झाला, पण आवाज आला नाही. पट्टीवरच्या माइकच्या चिन्हावर आडवी रेघ होती, म्हणजे माइक बंद होता. त्यांचा चेहरा एवढा उतरला की मलाच चमत्कारिक वाटलं.

"अहो, चित्र आलंय ना? अर्ज भरल्याचा पुरावा झाला."

"आवाज नाय तर घेऊन काय करू, ताई?"

घेऊन? घेऊन कुठे जाणार होते? मी माइकवर एकदा क्लिक करून रेघ घालवली आणि कामाला लागले, पण तो शब्द डोक्यात राहिला. मला लोकांच्या घरात डोकावायची हौस नाही. पण ज्या कामाचा उपयोग दिसत नाही ते माणूस इतक्या निष्ठेनं का करतो, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मग मी लक्ष ठेवायला लागले. पंचनाम्यात भाऊसाहेब पोरींना असे प्रश्न विचारायचे, ज्यांना अर्जात जागाच नव्हती.

"सूर्यमाळची तू? कोणता पाडा? घर विहिरीच्या वर का खाली?"

"वर."

"आजीचं नाव काय? बहिणींत कितवी तू?"

पोर बुजायची, पण उत्तर द्यायची. भाऊसाहेब ते स्क्रीनला मोठ्यानं सांगायचे आणि टाइप मात्र काहीच करायचे नाहीत.

"रकाना नाही तर विचारता कशाला?" मी एकदा म्हटलं.

"माहिती असलेली बरी."

रोज संध्याकाळी ते दिवसभराची रेकॉर्डिंगं पेन ड्राइव्हमध्ये घ्यायचे आणि पेन ड्राइव्ह बनियनच्या खिशात ठेवायचे. मूळ व्हिडिओ मात्र संगणकातून काढायचे नाहीत. "अस्सल कार्यालयात, नक्कल घरी." जुनं वळण. कागद असो की व्हिडिओ, नियम तोच.

व्हायचं तेच झालं. प्रवेशाच्या ऐन गर्दीत, बाकावर पोरी दाटीनं बसलेल्या असताना, भाऊसाहेबांचा संगणक गच्च भरून बसला. एक पान उघडेना. साहेब स्वतः आले, फोल्डर उघडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"वेबसाइट पोच देते ना, भोये? ती छापायची, फाइलला लावायची, संपलं. हे सगळं काढून टाका. सोमवारपासून रेकॉर्डिंग बंद."

बत्तीस वर्षांच्या नोकरीत भाऊसाहेबांनी साहेब लोकांकडे कधी काही मागितलं नव्हतं. बदलीसाठी नाही की रजेसाठी नाही. त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं विनंती अर्ज लिहिला, की रेकॉर्डिंग चालू ठेवण्याची परवानगी मिळावी. कारण म्हणून आधी 'पुरावा' लिहिलं होतं. ते खोडून त्यावर 'सवय' लिहिलं होतं. साहेब हसले आणि कागद माझ्याकडे सरकवला. "मॅडम, याची गरज आहे की नाही ते तुम्हीच सोमवारी लिहून द्या. तुम्ही नाही म्हणालात तर बंद."

मी सरळ विचारलं, "भाऊसाहेब, खरं कारण काय? सवय म्हणून मी काही लिहून देणार नाही."

ते टेबलाची कड अंगठ्यानं घासत म्हणाले, "रविवारी घरी या, ताई. सांगून नाय समजायचं."

त्यांची बायको आजारी असते एवढं आम्हाला ठाऊक होतं. सरकारी कार्यालयात प्रत्येकाच्या घरी कोणीतरी आजारी असतंच, त्यामुळे कोणी जास्त विचारत नाही. रविवारी सकाळी मी स्कूटी काढली आणि त्यांच्या गावी, साखरशेतला गेले. अंगणात नाचणी वाळत घातली होती. आत, दाराच्या उजेडात, खाटेवर वहिनी उशीला टेकून बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर, ठेवल्यासारखा. अर्धांगवायूला चार वर्षं झाली, भाऊसाहेब म्हणाले. बोलतात, पण शब्द शोधून आणावा लागतो.

"नमस्कार, वहिनी," मी म्हटलं.

त्यांनी मान कलती केली. जरा वेळ ऐकल्यासारखं केलं आणि तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून हसल्या. "खिडकी," म्हणाल्या.

"आवाजावरून वळखते सगळ्यांना," भाऊसाहेब म्हणाले. "काशिनाथच्या खोकल्यावरून पाऊस किती ते सांगते."

त्यांनी पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. घरातल्या टीव्हीवर आमचा अर्ज उमटला, तेच निळं पान, तेच रकाने. भाऊसाहेबांचा आवाज घुमला: हजर कोण, बाहेर काय, अर्जदार कोण. नाव आलं, पाडा आला, विहिरीच्या वरचं घर आलं, आजीचं नाव आलं. वहिनींनी डावा हात उचलला. भाऊसाहेबांनी लगेच व्हिडिओ थांबवला.

"दोन किलोला कमी," वहिनी म्हणाल्या. मग बराच वेळ घेऊन, "जगंल असं... वाटत नव्हतं." पुन्हा थांबून, "कितवीला?"

"अकरावी. सायन्स," भाऊसाहेब म्हणाले.

वहिनींनी डोळे मिटले, चांगलं काही खाल्ल्यावर मिटावेत तसे.

वहिनी सूर्यमाळला अंगणवाडी सेविका होत्या. पंचवीस वर्षं. पाड्यापाड्यांवरची पोरं त्यांनी काट्याला टांगून तोलली होती. आज ज्या पोरी पिशवी कवटाळून आमच्यासमोर उभ्या राहतात, त्यांतल्या अर्ध्याअधिक यांच्या हातून गेलेल्या. नुसत्या नावावरून त्यांना ओळख पटत नाही, एका नावाच्या चार पोरी असतात. विहिरीच्या वर की खाली, हे कळलं की वजन आठवतं.

"पहिल्या वर्षी बोलायचीच नाय," भाऊसाहेब हळूच म्हणाले. "कोणी आलं तरी भिंतीकडं तोंड. एकदा मी मोबाइलवर कामाचा व्हिडिओ बघत होतो, त्यात एका पोरीचं नाव आलं. तेव्हा पहिला शब्द बोलली. तेव्हापासून रोज."

मी चहा संपवला. मला असल्या वेळी काय बोलावं ते कळत नाही, काय करावं ते कळतं. त्यामुळे मी कामाचं बोलले. "यात अडचण काही नाही, भाऊसाहेब. जागा खातं ते चित्र. मोबाइलवर नुसता आवाज रेकॉर्ड करा. तेवढीच माहिती मिळेल, संगणकाला त्रास नाही आणि साहेबांना विचारायचंही काम नाही."

भाऊसाहेब खाली मान घालून हो म्हणणार होते. पण खाटेवरून आवाज आला.

"नाय."

मी वळून पाहिलं. वहिनी टीव्हीकडे बोट दाखवत होत्या. बोट अर्जातल्या नावाकडे नव्हतं. पानाच्या मधोमध माउसचा पांढरा बाण थांबला होता, त्याच्याकडे होतं.

"बाण पायजे."

"बाण कशाला, वहिनी?"

शब्द सापडायला त्यांना वेळ लागला. मी थांबले. "त्यांचा हात हाय तो," त्या म्हणाल्या. "बाण भिरभिरला... की समजते. जेवले नाय."

भाऊसाहेब उठून बाहेर नाचणी हलवायला गेले.

सोमवारी मी साहेबांना अर्ध्या पानाचं टिपण दिलं. व्हिडिओचा दर्जा साध्यावर आणावा, सेकंदाला साठ चित्रं येतात ती तीसवर आणावीत, जागा बरीच वाचते. जुनी रेकॉर्डिंगं संगणकातून काढून टाकावीत, अस्सल कार्यालयात साठवणं बंद. पोरीला आणि तिच्या आईला विचारल्याशिवाय रेकॉर्डिंग करू नये, आणि आधार नंबरचं पान उघडण्याआधी ते थांबवावं. एवढं पाळून परवानगी द्यायला हरकत नाही. साहेबांनी कारण विचारलं. मी म्हटलं, भोये भाऊसाहेबांचं काम त्यानं नीट होतं. खोटं नव्हतं. त्यांनी सही केली.

त्या दिवशी गर्दी होती. दोन वाजून गेले, अडीच झाले. मी माझ्या कामात होते, पण सहज शेजारच्या स्क्रीनवर नजर गेली. भाऊसाहेब 'पुढे' या बटणावर क्लिक करायला बघत होते आणि बाण कधी त्याच्या वर, कधी खाली, कधी पानाबाहेर जाऊन परत येत होता. सहा वर्षं मी त्या स्क्रीनच्या शेजारी बसले आहे. हे मला कधी दिसलं नव्हतं.

रेकॉर्डिंग चालू होतं.

"भाऊसाहेब, आधी डबा खाऊन घ्या," मी म्हटलं. आणि साखरशेतला नीट ऐकू जावं म्हणून, जरा माइककडे वळूनच म्हटलं.