प्रभारी व्यायामशिक्षक

सरांना एकदा डोळ्यांनी बघायचं आणि आल्या पावली परत यायचं, एवढंच हेडक्लार्कांनी ठरवलं होतं. माणूस ठरवतो किती थोडं आणि करून बसतो किती!

हेडक्लार्क पाणीपुरवठा कार्यालयात होते. घरात त्यांचं फारसं चालायचं अशातला भाग नाही, पण बायकोच्या बोलण्यात त्यांना एक मानाची जागा होती. शेजारीण आली की बायको म्हणायची, "आमचे हे म्हणतात, टाकी वरचेवर धुवावी." हे तसं कधी म्हणालेले नसत, पण आतल्या खोलीत ऐकून त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग बायकोनं समाजकेंद्रातल्या व्यायामाच्या वर्गाला नाव घातलं आणि 'आमचे हे' एका रात्रीत सेवानिवृत्त झाले. त्यांच्या जागेवर सर आले.

"सर म्हणतात, जेवताना पाठ ताठ हवी."

"सर म्हणतात, जिना चढताना कठडा धरू नये."

"सर म्हणतात, राग आला की एक दीर्घ श्वास घ्यावा," असं म्हणून ती हेडक्लार्कांकडे बघत दीर्घ श्वास घ्यायची. (दिवसातून बऱ्याच वेळा घ्यायची.)

हेडक्लार्कांना सर डोळ्यांपुढे दिसू लागले. रुंद खांदे, सपाट पोट, दाट केस. केसांचा विचार आला की त्यांचा हात आपोआप स्वतःच्या डोक्यावरून फिरायचा आणि कुठेही न अडखळता मानेपर्यंत पोचायचा. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "वय काय गं तुमच्या सरांचं?"

"सर म्हणतात, वय हे मनात असतं."

हे असलं बोलणारा माणूस तिशीच्या पुढचा असणं शक्यच नाही, अशी हेडक्लार्कांची खात्री पटली. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण चव लागली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निळा ट्रॅकसूट आणला आणि ऑफिसच्या बॅगेत लपवला. चोरून पाहायला जाताना आपण व्यायामाला आलो आहोत असं तरी दिसावं, हा त्यामागचा हिशेब. मग एका सकाळी बायको आंघोळीला गेलीय असं बघून ते ट्रॅकसूट चढवून तयार झाले. ट्रॅकसूटला वरचा खिसा नव्हता म्हणून पेन गळ्यापाशी अडकवलं. (पेनाशिवाय त्यांना उघडं पडल्यासारखं वाटे.) बाथरूमच्या दारावरून जाताना ते ओरडले, "दूध आणतो गं!"

समाजकेंद्राचं काम मोठं. संध्याकाळी मुलांचं स्केटिंग, तरुणांचं टेबलटेनिस, सकाळी आधी ज्येष्ठांचा व्यायाम आणि त्यानंतर सर्वांसाठीचा वर्ग, ज्यात बायको होती. ज्येष्ठांचा वर्ग चालू असताना खिडकीतून सर पाहून घ्यायचे आणि बायको यायच्या आत दुधाच्या दुकानात हजर व्हायचं, असा बेत होता.

पण खिडकीतून पाहतात तो हॉलमध्ये आजी-आजोबा रांगा करून उभे आणि पुढची जागा रिकामी. तेवढ्यात केंद्राच्या व्यवस्थापक बाई लगबगीनं बाहेर आल्या. सरांची सायकल वाटेत पंक्चर झाली होती आणि त्यांना यायला उशीर होणार होता. बाईंनी निळा ट्रॅकसूट पाहिला, गळ्यापाशी अडकवलेलं पेन पाहिलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"अगबाई, आलात! सरांच्या जागी आपणच ना?"

आता इथे हेडक्लार्कांना असलेल्या एका रोगाची माहिती द्यायला हवी. कार्यालयात अधिकारी रजेवर गेले की प्रभारी म्हणून कायम हेच. अधिकारी बदलत, रजा बदलत, प्रभारी हेच. त्यामुळे रिकामी जागा डोळ्यांना दिसली आणि 'च्या जागी' हे शब्द कानावर पडले की त्यांची जीभ त्यांना न विचारता कामाला लागायची. तशी ती लागलीच.

"हो. तात्पुरता कार्यभार माझ्याकडेच."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना घाम फुटला. पण बाईंनी तोवर दंड धरून त्यांना आत नेलंही होतं.

"हे आजचे सर," बाईंनी जाहीर केलं. "अनुभवी आहेत."

"नमस्कार सर!" आजी-आजोबा एका आवाजात म्हणाले.

सर! खोटं कशाला बोला, हेडक्लार्कांना ते गोड लागलं. आपल्यालाही कुणी सर म्हणू शकतं, हे बायकोनं ऐकायला हवं होतं असंही क्षणभर वाटलं. मग त्यांनी घसा साफ केला, आणि पुढच्या रांगेतल्या एका निवृत्त मुख्याध्यापिका आजींनीही घसा साफ केला. त्यांच्यामागे सगळ्या हॉलनं केला. या वर्गाची शिस्तच तशी होती. सर करतील ते करायचं, प्रश्न विचारायचे नाहीत. ती शिस्त याच आजींनी लावलेली होती.

हेडक्लार्कांनी डोकं खाजवलं. हॉलनं डोकं खाजवलं.

"हं, उजवा हात वर," ते कसंबसं म्हणाले. "डावा हात तूर्त प्रलंबित. आता श्वास आवक... आणि जावक."

"सोपं करून सांगतात," एक ड्रायव्हर आजोबा शेजाऱ्याला म्हणाले. त्यांनी हयातभर बस चालवली होती आणि अजून खांदे दारात मावत नव्हते.

इथवर निभावलं होतं. घड्याळाकडे बघत, पोटात दुखतंय म्हणून सटकावं असा विचार करत असतानाच त्यांचं पेन खाली पडलं. हेडक्लार्क ते उचलायला वाकले. हॉल वाकला. पेन हाती लागलं नाही, पण कमरेत कट्‌ असा आवाज झाला.

हॉल वर यायची वाट पाहू लागला. हेडक्लार्कही वर यायची वाट पाहू लागले.

"सर, किती वेळ थांबायचं?" मुख्याध्यापिका आजींनी वाकल्या वाकल्या विचारलं. त्यांचे तळवे जमिनीला टेकलेले होते. हेडक्लार्कांचे गुडघ्याच्या खाली जात नव्हते.

"पुढील... आदेश होईपर्यंत," हेडक्लार्क कण्हले.

"छान ताण बसतोय हो पोटऱ्यांना!" मागून एक आजी कौतुकानं म्हणाल्या.

"आमच्या सरांनी इतका वेळ कधी थांबवलं नव्हतं," ड्रायव्हर आजोबा म्हणाले. "ह्यांच्यात दम आहे."

व्यवस्थापक बाईंना तर गहिवरूनच आलं. इतका शिस्तबद्ध वर्ग त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी मोबाईल काढून पटापट फोटो घेतले. त्यातला एक तर अगदी जवळून, खाली बसून, सरांचा चेहरा लालबुंद आलाय असा.

आणि त्याच वेळी सर्वांसाठीच्या वर्गाची मंडळी दारातून आत येऊ लागली. हेडक्लार्कांना फक्त पाय दिसत होते. त्या पायांत ओळखीच्या चपला दिसल्या आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सरांना बघायला चोरून आलो, सरांच्या जागी उभा राहिलो, आणि उभाही धड राहिलो नाही! आता ही सगळ्यांसमोर हसणार आणि घरातली उरलीसुरली अब्रूही जाणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"अहो!" बायको किंचाळली.

"वर्गात सरांना 'अहो' म्हणायचं नाही," मुख्याध्यापिका आजींनी खालूनच दटावलं.

"सर? कोण सर?"

"शूऽऽ! आदेश यायचाय."

बायको त्यांच्याजवळ येऊन खाली वाकली. (सहज वाकली, हे हेडक्लार्कांना त्याही स्थितीत जाणवलं.)

"दूध कुठंय?" तिनं कुजबुजून विचारलं.

"दुधाचं मग बघू. मला आधी सरळ कर. पण हळूच. कुणाला कळू देऊ नकोस."

"लागली ना कंबर? मागे वर्तमानपत्र उचलताना लागली होती तश्शी? आणि इथे काय करताय तुम्ही?"

"तुझे सर बघायला आलो होतो," हेडक्लार्क म्हणाले. वाकलेल्या माणसाला खोटं सुचत नाही.

बायको काही बोलणार एवढ्यात दारातून "माफ करा हं, माफ करा" असं म्हणत एक किडकिडीत म्हातारे गृहस्थ आले. डोक्यावर एक केस नाही, तोंडात निम्मे दात, आणि चाल मात्र हरणाची. सत्तरी कधीच मागे टाकलेली. सगळा हॉल वाकल्या वाकल्या म्हणाला, "नमस्कार सर!"

हेडक्लार्कांनी मान जमेल तितकी वळवून सर पाहून घेतले. ज्यासाठी आले होते ते काम झालं. त्यांना इतकं हलकं वाटलं की कंबर नसती तर ते नाचलेच असते.

सरांनी एक नजर टाकली आणि ओळखलं. "सगळे उठा," ते म्हणाले. सगळे टुणकन उठले. एकटे हेडक्लार्क राहिले. मग सर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मायेनं म्हणाले, "घाबरू नका हं, आजोबा. या वयात होतं असं."

ड्रायव्हर आजोबांनी त्यांना उचलून घडीच्या खुर्चीसारखं उलगडलं आणि भिंतीकडेला सतरंजीवर आडवं केलं. जरा सैल झाल्याशिवाय हलवायचं नाही, असा सरांचा हुकूम. त्यामुळे सर्वांसाठीचा वर्ग हेडक्लार्कांना जमिनीवरून पाहावा लागला. बायको दुसऱ्या रांगेत होती. हात वर करताना, उड्या मारताना ती मोकळेपणी हसत होती. घरात ती कधी उडी मारेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. त्यांना मनापासून बरं वाटलं, आणि आपण हिच्याबद्दल काय काय मनात आणलं याची लाजही वाटली. पण तिनं मागे वळून एकदा आपल्याकडे बघावं, असंही वाटत राहिलं. ती वळली. बघितलं. आणि तिनं दीर्घ श्वास घेतला.

पुढचा आठवडा अंथरुणात गेला. बायकोनं शेक दिला, तेल चोळलं, ट्रॅकसूट धुवून इस्त्री केला आणि चेष्टा फक्त जेवणाच्या वेळी केली. एका सकाळी मात्र ती वर्गावरून आली ती चेहरा फुलवूनच.

"अहो, केंद्रात सध्या सगळ्यांच्या तोंडी तुम्हीच! सरांचं कुणी नाव काढत नाही."

हेडक्लार्क उशीवर कोपर टेकून अर्धे उठले. "म्हणजे त्या प्रकाराला हसतात?"

"हसतील कशाला? तुमच्यामुळे वर्गाला नवी माणसं किती येताहेत! तुमच्याच वयाची सगळी. व्यवस्थापक बाई तर म्हणतात, तुमचे उपकार फिटायचे नाहीत. तुमचा फोटो दारात लावलाय. चांगला मोठा, रंगीत."

"काय सांगतेस!" हेडक्लार्क आणखी थोडे वर सरकले. "आणि लिहिलंय काय त्यावर?"

"वर लिहिलंय, 'आजच व्यायाम सुरू करा.'"

"वा! आणि खाली?"

"खाली लिहिलंय, 'नाहीतर.'"

हेडक्लार्क सावकाश पुन्हा आडवे झाले. बायकोनं त्यांचं पांघरूण सारखं केलं आणि अभिमानानं म्हणाली, "आणि मी बरं का, दारातून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून फोटो दाखवते. म्हणते, हे कोण माहितीये का? हे आमचे हे!"