तरंगतं मेज

सासऱ्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, की घरी गेल्यावरही महिनाभर पलंग सोडायचा नाही. सासरे लेकीकडे येणार हे ठरलं. ते जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासत आलेले. वाचायला काही नसलं तर औषधाच्या बाटलीवरच्या चुका काढत बसतील.

"अण्णांना पलंगावर बसून वाचता येईल असं उतरतं मेज हवं," बायको म्हणाली. "सुतारकाकांना सांगते."

"सुतार कशाला? मी करतो की," जावई म्हणाले.

जावई नोंदणी कचेरीत कारकून. कचेरीत त्यांना तंद्रीराव म्हणत, कारण त्यांनी शिक्का उचलला, की तो कागदावर उतरेपर्यंत मधे चहाची सुट्टी होऊन जाई.

तंद्रीरावांचं म्हणणं असं, की लाकडाला हात लावण्याआधी आराखडा हवा. आराखडे हल्ली कॉम्प्युटरवर काढतात, त्याची सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. फक्त आपल्याला मानवेल ते निवडलं, की काम झालं. सासरे यायला तीन आठवडे होते.

पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये रेघ काढायला घेतली, की ते विचारी, 'पुढचा बिंदू?' हा प्रश्न तंद्रीरावांना इतका खोल वाटला, की ते खिडकीबाहेर बघत राहिले. त्यात एक आठवडा गेला. दुसऱ्यात प्रत्येक रेघ बांधून ठेवावी लागे: ही आडवी, ही तिला समांतर, ही इतक्या लांबीची. न बांधलेली रेघ जरा माऊस लागला की सरकत जाई. "जाते तर जाऊ दे बिचारी," म्हणून त्यांनी तेही सोडलं.

तिसरं मात्र थेट इंटरनेटवरच उघडत होतं. फळी ओढली, की फळी उभी राहायची. माऊस हलवला, की मेज संथ फिरायचं, नदीच्या भोवऱ्यात पान फिरावं तसं, म्हणून त्यांनी चित्राला नाव टाकलं, तरंगते मेज. कचेरीतून आल्यावर तंद्रीराव दिवे न लावता बसत. पडद्यावर कुठूनसा कोवळा उजेड येई, फळीवरून सरके, कडेला थांबे. त्यांनी लाकडाची छटा सतरा वेळा बदलली. खालून बघायचं त्यांच्या मनात आलं नाही. (सुंदर वस्तूच्या पोटाखाली कोण डोकावतं?)

"लाकूड आणलंत का?" बायकोने विचारलं.

"अगं, अजून छटा ठरत नाहीये."

"अण्णा सोमवारी येतायत."

"हो, सोमवारपर्यंत ठरेल."

सोमवारी ते कचेरीतून परतले तर सासरे पलंगावर टेकून बसले होते, पुढ्यात मेज होतं आणि मेजावर जाडजूड पुस्तक. तंद्रीराव दारातच थबकले. तीच उतरती फळी, तीच गोलसर कड. आपण फार वेळ बघत बसल्याने ते पडद्याबाहेर आलं असावं, असं क्षणभर त्यांना खरंच वाटलं.

"मीच शेवटी सुतारकाकांना सांगितलं," बायको म्हणाली.

सुतार हत्यारं आवरत होते. "मोबाईलवर शोधलं, तर आपल्या भाषेत एकच सापडलं. कुणीतरी फुकटातल्या सॉफ्टवेअरवर काढलंय. फुकट म्हटलं, की चित्र सगळ्या जगाला दिसतं ना."

तंद्रीरावांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी घसा साफ केला. "चांगलं आहे का, चित्र?"

"दिसायला झकास. पण फळी आणि पाय यांच्यामध्ये चार बोटं फट. फळी आपली हवेत. काढणाऱ्याने खालून बघितलंच नाही. मग मी पाय वाढवले." सुतार हसले. "माणूस कलाकार आहे, पण त्याच्या हाती करवत देऊ नये."

तंद्रीराव खुर्चीत बसले. 'ते मीच' हे शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथेच तरंगत राहिले.

"काही असो, मान काय छान राहते हो," सासरे म्हणाले. ऑपरेशन झाल्यापासून ते पहिल्यांदाच हसत होते. "त्या गृहस्थांना आभार कळवायला हवेत. जावईबापू, हिच्या फोनवरून त्या चित्राखाली लिहा जरा. आणि हेही लिहा, की चित्राचं नाव 'तंरगते मेज' असं छापलंय, त्यातला अनुस्वार एक अक्षर आधी पडलाय."

तंद्रीरावांनी मुकाट्याने स्वतःचे आभार मानले, स्वतःची चूक स्वतःला कळवली आणि आतल्या खोलीत गेले. तिथे कॉम्प्युटरवर पत्र येऊन थांबलंच होतं. त्यांनी उत्तर लिहिलं, 'चूक मान्य. आपल्याला आराम मिळाला यात सारं आलं. नमस्कार.'

बाहेर बायकोने ते मोठ्याने वाचून दाखवलं. सासरे बराच वेळ फळीवरून हात फिरवत राहिले.

"किती नम्र माणूस," ते लेकीला हळूच म्हणाले. "तुझ्यासाठी स्थळं बघत होतो, तेव्हा हा कुठे होता?"