चार पिस्टनचा ब्रेक

मोटरसायकलचे ब्रेक निवडावेत तर मीच! हे मी अगदी नम्रपणे सांगतोय. शर्यतीत गाडी बायको पळवते. पण ती थांबावी कशी, याचा सखोल विचार घरात मीच करतो.

तिची गाडी म्हणजे दोन मालक बघून आलेली, स्वस्तातली, पुढच्या चाकाला एकच डिस्क असलेली. सुरुवातीच्या फेऱ्यांत ब्रेक शहाण्यासारखा वागायचा. मग तो तापला, की लिव्हर थेट मुठीला टेकायचा आणि गाडी काही ऐकलंच नाही अशा थाटात पुढे जायची. आमच्या साहेबांकडे रजा मागावी तसं! कितीही जोर लावा, परिणाम शून्य!

त्यात वर्षातली शेवटची शर्यत तोंडावर आली होती. पहिल्या नंबरावर ठाण मांडून बसला होता बायकोचा सख्खा थोरला भाऊ. हा दातांचा डॉक्टर. गाडी त्याच मॉडेलची, पण कोरी. दर वेळी बायको त्याला शेवटच्या वळणापाशी गाठायची आणि ब्रेकचा भरवसा नाही म्हणून आधीच वेग कमी करायची. हा सुळकन पुढे! वर पुन्हा जेवायला आला की मला विचारणार, "काय जावईबापू, तुमची गाडी थांबते कशी? पेट्रोल संपल्यावरच ना?"

मी पेटलो! गॅलरीत जाऊन दुकानदाराला फोन लावला. आवाज एकदम खाली, म्हणजे शेजारच्या दोनच इमारतींना ऐकू जाईल इतका.

"दोनचं नको हो, चार पिस्टनचं द्या! डॉक्टरला शेवटच्या वळणावर गाठायचंय... हो, जागच्या जागी गार झालं पाहिजे सगळं... छे, घरात कुणालाच पत्ता नाही!"

मी बोलत होतो कॅलिपरबद्दल. कॅलिपर म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणारा चिमटा. त्यातले पिस्टन पॅड दाबतात. पिस्टन जास्त, तर पकड जास्त, असा माझा साधा हिशेब. पण आत सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. गुडघ्याच्या उपचारांसाठी त्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या आणि त्यांना एका कानानं जरा कमी ऐकू येतं. नेमक्या त्याच कानात 'पिस्टन'चं 'पिस्तूल' झालं!

त्यानंतर सासूबाई माझ्याशी इतक्या गोड वागायला लागल्या, की काय सांगू! "जावईबापू, अजून भाजी घ्या. मनात काही ठेवू नका हं. डॉक्टर तोंडानं फटकळ आहे, पण मनानं चांगला आहे." मला वाटलं, चला, उशिरा का होईना, जावयाची पारख झाली!

पार्सल आलं तेव्हा मी ऑफिसात होतो. संध्याकाळी शीळ घालत घरी पोचलो, तर दारात हवालदार! सोफ्यावर सासूबाई डोळ्यांना पदर लावून. मेहुणा फ्रिजच्या मागे. आणि मधोमध पाण्यानं भरलेल्या बादलीत माझं पार्सल, आख्खं बुडवलेलं!

"बादलीत कशाला टाकलंय?" मी किंचाळलो.

"बार उडू नये म्हणून!" सासूबाई हुंदका देत म्हणाल्या. "चार-चार मागवलीत हो! एकुलता एक भाऊ आहे तिचा!"

हवालदारांनी खोकं काढलं, हात लांब धरून उघडलं. सोनेरी रंगाचा देखणा कॅलिपर ठिबकत बाहेर आला.

"हे काय?"

"ब्रेक आहे, साहेब."

"आणि चार पिस्तुलं?"

"यातच आहेत! म्हणजे पिस्टन! हे बघा, एक, दोन..."

हवालदारांनी एक डोळा मिटून भोकात पाहिलं. तेवढ्यात सराव संपवून बायको आली. तिला सगळं समजेपर्यंत आम्ही चौघं एकाच वेळी बोलत होतो. समजल्यावर ती जमिनीवर बसून हसली. मग तिनं कॅलिपर हातात घेतला आणि तिचं हसू थांबलं.

"अरे, हा लावला असता तर मला शर्यतीत उभंच केलं नसतं! आमच्या गटात कॅलिपर आणि डिस्क कंपनीचीच लागते. नियम वाचलेस का?"

मी फ्रिजकडे पाहिलं. तिथली जागा मेहुण्यानं आधीच घेतली होती.

"मग आता?" मी बारीक आवाजात विचारलं.

"शर्यतीचे पॅड, ब्रेकचं नवीन तेल आणि त्या रबरी नळीऐवजी स्टीलच्या जाळीची. रबर फुगतं, म्हणून दाब वाया जातो. मी कधीपासून हेच सांगतेय!"

रविवारी आम्ही कामाला लागलो. नळीतली हवा काढायची म्हणजे एकानं लिव्हर दाबायचा, दुसऱ्यानं खाली स्क्रू सैल करायचा आणि पुन्हा आवळायचा. ताल चुकला की हवा परत आत! माझा ताल सारखा चुकत होता. शेवटी सासूबाई खुर्ची ओढून बसल्या आणि कडाडल्या, "दाबा! धरून ठेवा! उघड गं! बंद! आता सोडा!" पोरांना पाढे शिकवावेत तसं त्यांनी आम्हाला घोटून घेतलं. तेलातले बुडबुडे संपले. लिव्हर दगडासारखा घट्ट झाला. बायकोनं तो एका बोटानं दाबला आणि माझ्याकडे बघून हसली. तेवढ्यावर माझं महिनाभर भागलं असतं!

शर्यतीच्या दिवशी शेवटच्या फेरीत दोघं बहीण-भाऊ सरळ रस्त्यावरून सुसाट येताना दिसले. डॉक्टर पुढे. वळण आलं. डॉक्टरनं ब्रेक लावला. बायकोनं नाही!

"दाब गं, दाब!" सासूबाईंनी माझा दंड पिरगाळला.

ती अजून सरळच! आणि मग तिच्या गाडीचं नाक एकदम खाली गेलं, गाडी आज्ञाधारकपणे मंदावली आणि डॉक्टरच्या आतल्या अंगानं वळून बाहेर पडली. पहिली! आमची बायको पहिली! सासूबाई दुखरा गुडघा विसरून उड्या मारत होत्या. मुलगा हरला, हे त्यांच्या ध्यानात बऱ्याच वेळानं आलं.

डॉक्टर आला, हेल्मेट काढलं आणि बहीण परत यायच्या आधीच माझा हात हातात घेतला. "मानलं! ब्रेक कुणी बसवले?"

"आम्हीच," मी छाती फुगवून म्हणालो.

तेवढ्यात बायको विजयाची फेरी संपवून थेट माझ्या अंगावर गाडी घेऊन आली. ती अगदी वीतभर अंतरावर थांबणार, हे मला पक्कं माहीत होतं. पायांना माहीत नव्हतं! त्यांनी मागे उडी घेतली आणि मी जुन्या टायरच्या चळतीत कमरेतून दुमडून अडकलो. तिघांनी ओढून बाहेर काढेपर्यंत फोटोवाला आपलं काम करून गेला होता.

फोटो दिवाणखान्यात लावलाय. करंडक घेतलेली बायको, शेजारी सासूबाई, डॉक्टर. मागे टायरमधून वर आलेले दोन बूट दिसतात ना, ते माझे. पॉलिश मात्र बघा, काय चमकतंय!