गेनूशेटचे मामंजी

सकाळी भाताची गिरणी सुरू करण्याआधी गेनूशेट खांद्यावरचं उपरणं सुनेच्या पदरासारखं डोक्यावर ओढत, तेलाच्या इंजिनापुढे वाकत आणि विचारत, "मामंजी, उठताय नव्हं?"

मग कान लावून उत्तराची वाट पाहत. झुपकेदार मिशांचा, दाराला डोकं लागेल असा हा माणूस सून म्हणून उभा राहिला, की हसू दाबणं अवघड जाई. उत्तर आलं नाही, तर ते गिऱ्हाइकांना सांगत, "आज राग हाय. बसा वाईच." आणि लोक खरंच बसून राहत.

मी तेव्हा कामशेत स्टेशनावर तिकीटबाबू होतो. ड्यूटीआधी गिरणीच्या ओट्यावर चहा प्यायची माझी रीत. एकदा म्हटलं, "गेनूशेट, लोखंडाला कसला राग येतोय?"

"बाबू, परक्या घरात सून हून ऱ्हावं. मुंबईत फिटर हुतो, गावाला आता मीच परका. समद्यांची मर्जी राखाय लागती."

मर्जी राखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. बारसं असो की तेरावं, बोलावणं असो नसो, गेनूशेट हजर. भात कांडून पोट भरणाऱ्या बायकांच्या हातचं काम गिरणीनं गेलं, तर त्यांना त्यांनी गिरणीतच पाखडायला बसवलं. एका लग्नात ते दोन्हीकडच्या रुसलेल्यांची समजूत काढत फिरत होते. ते नवरीकडचे की नवऱ्याकडचे, हे वरात निघेपर्यंत कुणालाच कळलं नाही.

एवढा आटापिटा कशासाठी, ते मला पाखडणाऱ्या ठकूमावशीनं सांगितलं.

"गेनूनं यंत्र आनलं तवा कुनी फिरकत न्हवतं. पुलाला बळी लागतो, तसा ह्यालाबी लागनार म्हनत हुते. आन् आवाज तरी कसा! पोर दे, पोर दे, पोर दे. ऐका नीट."

मी ऐकलं. इंद्रायणीकडून आलेलं धुकं खाचरांवर बसलं होतं आणि त्यात धुराच्या नळीचा आवाज लांबवर जात होता. एकदा ऐकल्यावर मला दुसरं काही ऐकूच येईना. स्टेशनावर तिकिटं देतानाही कानात तेच.

"मग गेनूचाच पोरगा गेला," मावशी सूप आपटत म्हणाली. "एकुलता एक. सुतक फिटंस्तवर गिरनी बंद. आन् एका तिनीसांजेला, आत कुनी नसताना, त्या इंजिनानं ढेकर दिली. म्या ह्या कानांनी ऐकली. गाव म्हनलं, घरातलंच घेतलं, पोट भरलं. आता भ्या न्हाई. गिरनी उघडली तशी दारात पोत्यांची रांग."

ढेकर म्हटल्यावर मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. हातातला चहा निवून गेला.

त्या पौषात बायको आणि चार वर्षांची लेक सुमी पुण्याहून माझ्याकडे राहायला आल्या. एका सकाळी सुमी इंजिन बघायचा हट्ट धरून बसली, म्हणून दोघींना घेऊन गेलो. गारठा फार होता. गिऱ्हाइकं यायची होती, मावशीही आली नव्हती. गेनूशेटनी चाकावर ठेवलेला हात काढला.

"वैनी, पोरीला आदी घरला न्या."

"बघू दे की थोडं," बायको म्हणाली.

"न्हाई! आदी न्या!"

ते ओरडलेले मी कधी ऐकले नव्हते. बायको घाबरून सुमीला ओढत निघाली. मला राग आला.

"गेनूशेट, तुमचा मुलगा कशानं गेला?"

"हिवतापानं," ते लगेच म्हणाले. "डाक्टर आनलावता तळेगावचा. लय झटला."

"मग गावाला सांगत का नाही?"

"सांगू?" त्यांचा आवाज खाली आला. "आज गावातल्या बाया म्हनत्यात, त्याचं पोट भरलंय. लेकरं कुशीत घिऊन सुखानं निजत्यात. उद्या मी म्हनलो, त्यानं अजून कायबी घेतलं न्हाई, तर दर आई परत कान दिऊन ऐकल. माझ्या लेकराच्या नावावर गिरनी चालती, हे मला कळत न्हाई व्हय बाबू? त्याच्या आईला हे कळलं तवा ती माहेरी गेली, ती आलीच न्हाई."

मी नको ते विचारलं. "पण हिवतापच होता, याची तुम्हाला खात्री आहे ना?"

ते रस्त्याकडे बघत होते. फाटकापलीकडे सुमीचं लाल झबलं धुक्यात पुसट होत होतं. मग तेही दिसेनासं झालं. इंजिन अजून थंडच होतं. गेनूशेट त्याला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभे होते, पाठीमागचा मारका बैल अडवावा तसे.