हद्दीला पुरेल एवढा बाक

प्रगती झाली हे सिद्ध करायचे, तर कुणीतरी मागे राहावेच लागते. सगळेच पुढे गेले तर पुढे म्हणजे कुठे, हे सांगता येत नाही; आणि ज्या देशाला ते सांगता येत नाही, त्याच्या परिषदांना बाहेरचे पाहुणे येत नाहीत. म्हणून ग्रामीण आणि राष्ट्रीय विकासाच्या प्रतिमानांची तुलना करण्यासाठी आमचे कार्यालय स्थापन झाले. (कार्यालयाचे पूर्ण नाव पाटीवर आहे. पाटी लांब असल्याने ती दोन भिंतींवर वळवून लावली आहे. पूर्ण नाव वाचायचे असल्यास दोन माणसे आणावीत.)

प्रकरण दोन

(प्रकरण एक मंजुरीसाठी गेले आहे. ते परत येईपर्यंत वाचकांनी ते वाचले असून पटलेही आहे, असे धरून चालावे.)

तुलनेसाठी एकमेकांना लागून असलेली तीन गावे निवडली आणि त्यांना अ, ब, क अशी अक्षरे दिली.

गाव अ ला विकास वरून खाली आणायचा होता. तेथे एक प्रचंड कारखाना उभारला. तो इतका आधुनिक आहे की त्याला माणसे लागत नाहीत. गावकरी रोज संध्याकाळी कुंपणापाशी उभे राहून तो पाहतात. कारखान्यामुळे राष्ट्रीय उत्पन्न वाढले. गावात कुंपण वाढले. वरून खाली येणारी समृद्धी सध्या छतापर्यंत पोहोचली आहे.

गाव ब मध्ये विकास खालून वर न्यायचा होता. तेथे गट, उपगट आणि समित्या स्थापन झाल्या. मेणबत्त्या करण्याचे प्रशिक्षण दिले गेले. प्रत्येक घराने मेणबत्त्या केल्या, प्रत्येक घराने शेजारच्या घरातून त्या विकत घेतल्या. उलाढाल दुपटीहून जास्त झाली, मेणबत्त्या तेवढ्याच राहिल्या. (तज्ज्ञांच्या मते यालाच चैतन्य म्हणतात.)

गाव क मध्ये काहीही करायचे नव्हते.

हे सर्वांत अवघड काम होते. अ आणि ब किती पुढे गेले हे मोजण्यासाठी क ला जागच्या जागी ठेवणे आवश्यक होते. आमच्या कार्यालयाचे साहेब स्वतः त्या गावी गेले आणि शाळेच्या पटांगणात सभा घेतली.

"आपल्या गावात काहीच न करण्याचा कार्यक्रम राबवायचा आहे," साहेब म्हणाले.

पहिल्या ओळीत एक म्हातारी बसली होती. तिला गावात सगळे थोरली म्हणतात, कारण ती दोन बहिणींतली थोरली आहे. (धाकटी पलीकडे ओढ्यापार, गाव ब मध्ये राहते. तिला सगळे धाकटी म्हणतात. या बाबतीत दोन्ही प्रतिमानांत फरक आढळला नाही.)

"अरे बाबा, मग इतकी वर्षं काय चाललं होतं?" थोरलीने विचारले.

"ते अनियोजित होतं, मावशी. आता नियोजनबद्ध होणार."

"म्हणजे आता आम्ही थांबलो तर त्याचा पगार कुणाला तरी मिळणार."

"अगदी बरोबर," साहेब आनंदाने म्हणाले. आपला मुद्दा इतक्या लवकर समजलेले गाव त्यांनी आधी पाहिले नव्हते.

प्रकरण दोन, पुढे चालू

गाव क मध्ये काही होत नाही ना, हे पाहण्यासाठी एक निरीक्षक नेमला. मध्यमवयीन, छत्रीवाला, पाठीने जरा वाकलेला, स्वभावाने गरीब माणूस. त्याच्या कामात पुढील गोष्टी येत:

नवे काही दिसल्यास ते जुने होईपर्यंत त्यावर लक्ष ठेवणे.
कोणी काही दुरुस्त करताना आढळल्यास समज देणे.
उत्साह आढळल्यास कळवणे.

निरीक्षकाच्या जेवणाचा प्रश्न नाजूक होता. त्याने पैसे दिले असते तर गावाचे उत्पन्न वाढले असते आणि तुलना नासली असती. म्हणून शास्त्राच्या शुद्धतेसाठी तो थोरलीकडे फुकट जेवे.

"जेव बाबा, पोटभर जेव," थोरली भात वाढताना म्हणे. "तू पैसे दिलेस तर माझं एकदम भलं व्हायचं. नसती आफत."

निरीक्षक मान खाली घालून जेवे. भात दुसऱ्यांदा घेताना मात्र मान वर करी.

थोरलीचा मुलगा सुतार. त्या वर्षी पावसात ओढ्यावरचा लाकडी साकव वाहून गेला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी सुतार करवत घेऊन निघाला. निरीक्षकाने त्याला काठावरच गाठले.

"दादा, काय करताय?"

"फळ्या टाकतोय. पाण्याला ओढ केवढी आहे बघा. पायी जाणारा थेट कारखान्याच्या कुंपणाला जाऊन लागेल."

"फळ्या म्हणजे विकास झाला, दादा."

"चार फळ्यांचा?"

"पहिली टाकली की सुरू झाला."

सुतार करवत घेऊन घरी आला आणि जेवणाच्या टेबलाचा डगमगणारा पाय बसवायला घेतला. निरीक्षकाने बराच विचार करून त्याला हरकत घेतली नाही, कारण तो त्याच टेबलावर जेवत असे.

गाव ब च्या साकव समितीने मात्र आपल्या प्रतिमानानुसार तातडीने काम हाती घेतले. हद्द ओढ्याच्या मध्यावर होती. समितीने मध्यापर्यंत उत्तम पूल बांधला. कठडा केला, रंग दिला, फीत कापली. पूल जिथे पाण्यावर थांबतो तिथे एक फलक लावला: 'सूचना: येथे प्रतिमान संपते.'

उद्‌घाटनाला आलेल्या पाहुण्यांना तो पूल फार आवडला. ते मध्यापर्यंत गेले आणि परत आले. वापर करणाऱ्यांपैकी सर्वच्या सर्व लोक समाधानी असल्याचे पाहणीत दिसून आले.

प्रकरण चार

(प्रकरण तीन आकडेवारीचे होते. ते आकडे प्रकरण एक बरोबर मंजुरीला गेले आहेत, एकट्याला बरे वाटले नसते.)

याच सुमारास धाकटीच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. दुसरा डोळा आधीच अधू, म्हणजे जे काही होते ते याच डोळ्यात. डॉक्टरांनी बजावून सांगितले की औषधाचे थेंब दिवसातून अनेकदा पडलेच पाहिजेत, हयगय झाली तर नजर गेली म्हणून समजा. धाकटी एकटी राहते. तिचा हात कापतो. स्वतः घातलेला थेंब गालावर, कानात किंवा उशीवर पडे.

गाव ब ने त्याच दिवशी थेंब समिती स्थापन केली. समितीने थेंब घालणे तत्त्वतः मान्य केले. कोणत्या डोळ्यात, यासाठी उपसमिती नेमली. (उपसमितीने दोन्ही डोळ्यांना समान संधी देण्याची शिफारस केली.) प्रत्यक्ष थेंब शेजारीण घाली, पण तिला मेणबत्त्यांच्या प्रशिक्षणाला जावे लागे.

संध्याकाळी थोरली अलीकडच्या काठावर येई आणि धाकटी चाचपडत पुलाच्या टोकाला, फलकाला धरून उभी राही. पाण्याच्या आवाजावर दोघी ओरडत.

"थेंब पडले का गं?"

"पडले!"

"कुठे पडले?"

"पदरावर!"

"अगं, डोळा उघडा ठेवता येत नाही का तुला? लहानपणापासून अशीच, कुणी काही घालायला आलं की मिटून घेते!"

"तू ये ना मग! तिकडून भाषण काय करतेस!"

"कशी येऊ? उडत?"

रस्त्याने जायचे तर गाव अ चा वळसा पडे. कारखान्याच्या कुंपणाच्या कडेकडेने जाईपर्यंत दुपार होई, आणि थोरलीचे गुडघे पहिल्याच वळणावर संप पुकारत. एकदा ती हट्टाने निघाली होती. तिला मालाच्या ट्रकमधून परत आणावे लागले. (गाव अ च्या अहवालात याची नोंद 'वाहतूक क्षेत्रातील वाढ' अशी आहे.)

त्या रात्रीपासून थोरलीने निरीक्षकाला दुसऱ्यांदा भात वाढणे बंद केले.

"भात संपला का, मावशी?"

"भात आहे. पण तू दोनदा जेवलास तर तुझी प्रगती होईल. मला पाप लागायचं."

हा बहिष्कार नव्हता, शास्त्राचे पालन होते. त्यामुळे निरीक्षकाला तक्रारही करता येईना.

प्रकरण चार, जरा जास्त

अशा परिस्थितीत साहेब पाहणीला आले. निरीक्षक ओढ्याच्या काठावर, छत्री टेकून, पाठ धरून उभा होता.

"तुम्ही बसत का नाही?" साहेबांनी विचारले.

"कशावर बसू, साहेब? क च्या हद्दीत बाक ठेवला तर गाव क मध्ये सोय झाली असं होईल. तुलनेत धरावी लागेल."

"मग ब च्या हद्दीत बसा."

"ब ची सोय ब च्या समितीनं करायची असते. आपण केली तर ते प्रतिमान वरून खाली आल्यासारखं होईल."

साहेब विचारात पडले. आमच्या कार्यालयात विचारात पडलेल्या साहेबांना कोणी उठवत नाही. बऱ्याच वेळाने ते आपणहून वर आले.

"बाक दोन्ही हद्दींत समान ठेवायचा," ते म्हणाले. "एक टोक ब मध्ये, एक टोक क मध्ये. म्हणजे कुणाच्याच बाजूचा होणार नाही. जमिनीत रोवायचा नाही. रोवलं की बांधकाम. नुसता ठेवला तर फर्निचर. आणि फर्निचर म्हणजे विकास नव्हे."

निरीक्षकाने ओढ्याकडे पाहिले. पुलाच्या टोकाकडे पाहिले. मग काठावर भाजी धूत बसलेल्या थोरलीकडे पाहिले. थोरली भाजीकडेच पाहत होती, पण एकच पान फार वेळ धूत होती.

"सुताराला बोलवा," साहेब म्हणाले.

सुतार आला. त्याने ऐकून घेतले आणि अगदी साध्या आवाजात विचारले, "लांबी किती ठेवू, साहेब?"

"हद्दीला पुरेल एवढी."

"आणि जाडी?"

"निरीक्षकाचं वजन पेलेल अशी. हे हल्ली बारीक झालेत, पण पुढचा जाड असू शकतो."

सरकारच्या इतिहासात इतका दूरदर्शी निर्णय क्वचितच झाला असेल. सुताराने अलीकडच्या काठापासून पुलाच्या टोकापर्यंत पुरणारा, पाठ नसलेला, रुंद, दणकट बाक केला. गावातल्या जवळजवळ सगळ्यांनी तो उचलून ठेवायला मदत केली. निरीक्षक त्याच्या मधोमध, पाण्यावर, छत्री उघडून बसला आणि म्हणाला की पाठीला आराम पडतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली बाकाच्या अलीकडच्या टोकावर येऊन बसली. बसण्याला मनाई नव्हती. मग ती जराशी सरकली. सरकण्यालाही नव्हती. निरीक्षकाने पाय वर घेतले. "गुडघ्यांनी दावा मांडला तरी बूड अजून शाबूत आहे माझं," असे पुटपुटत ती त्याच्या मागून सरकत सरकत पलीकडच्या टोकाला गेली, फलकाला धरून उठली आणि पुलावरून चालत धाकटीच्या घरी पोहोचली.

निरीक्षकाने तक्त्यात लिहिले: 'एक वृद्ध महिला बसली. नंतर ती उठली.'

कुठे बसली आणि कुठे उठली, असे रकाने तक्त्यात नव्हते.

"डोळा उघड," थोरली म्हणाली.

"उघडलाय की."

"याला उघडा म्हणतात? समिती आलीये का मी? नीट उघड!"

थेंब डोळ्यात पडला. धाकटीने दोनदा पापणी मिटली, बहिणीकडे पाहिले आणि म्हणाली, "केवढी म्हातारी झालीस गं तू."

त्या रात्री निरीक्षकाला तिसऱ्यांदा भात मिळाला.

निष्कर्ष

बाकावर बसणाऱ्यांचे प्रमाण पुढे वाढत गेले. शिक्षक बसले, सुईण बसली, लग्नाचे वऱ्हाड ओळीने बसले आणि नवरदेवाला आधी सरकवून मग उठले. एक सायकल बसली. एक शेळी बसायला तयार नव्हती, तिला दोघांनी बसवली. ब मधल्या मेणबत्त्या इकडे आल्या आणि पहिल्यांदाच कुणीतरी त्या पेटवल्या. सुताराला पलीकडची कामे मिळाली. थेंब समिती आपले काम यशस्वी झाल्याचे जाहीर करून विसर्जित झाली. धाकटीला आता फलकावरची अक्षरे वाचता येतात. ती त्यांना नावे ठेवते.

तुलनेचा अंतिम अहवाल सर्वांना चकित करणारा होता. अ मध्ये पुष्कळ केले, ब मध्ये पुष्कळ ठरवले, क मध्ये काहीच केले नाही. आणि सगळ्यांत जास्त भले क चे झाले. (बाक हिशेबात नाही. ते फर्निचर आहे.) यावरून एकच शास्त्रीय निष्कर्ष निघत होता. काहीच न करण्याचे प्रतिमान आता संपूर्ण देशाला लागू करण्यात आले आहे. साहेबांना बढती मिळाली. निरीक्षकाने बदली नाकारली.

परिशिष्ट, वाचकांसाठी

तुमच्या जिन्यातला दिवा बऱ्याच दिवसांपासून गेलेला आहे का? दारासमोरचा खड्डा आता ओळखीचा झाला आहे का? त्याला वळसा घालताना 'कुणीतरी काहीतरी करायला हवं' असे आपण म्हणता का? अभिनंदन. आपण गाव क मध्ये आहात. कृपया दिवा स्वतः बसवू नये, तुलना नासते.

हे वाचताना आपण दोन-तीनदा हसलात आणि 'अगदी आपल्याकडचंच आहे' असेही म्हणालात, असे आमच्या माणसाने कळवले आहे. त्याने तक्त्यात लिहिले: 'वाचक बसला.' पुढचा, 'उठला' हा रकाना आपल्या तक्त्यात छापलेलाच नाही. आपल्या बाबतीत तो कधी लागत नाही, आणि कागदही वाचतो.